जिप्सीचा मागचा एअर लॉकर : क्राऊनची बॅकलॅश अखेर जुळली

माझ्या मारुती जिप्सीच्या मागच्या एक्सेलमध्ये मी एअर लॉकर (हवेच्या दाबाने दोन्ही चाके एकत्र जखडणारे यंत्र) बसवतो आहे. त्यात क्राऊन (एक्सेलमधले मोठे दातेरी चक्र) आणि तिला फिरवणारे छोटे पिनियन यांच्या दातांमधली मोकळीक, म्हणजे बॅकलॅश किंवा लॅश, सगळीकडे सारखी येत नव्हती. मागच्या नोंदीत अर्धवट राहिलेला हा प्रश्न आता सुटला आहे. डायल गेजवर (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारे मापक) क्राऊनच्या चारही बाजूंना घेतलेली वाचने आता ०.१२, ०.१२, ०.१३ आणि ०.१२ मिमी अशी येतात. हेच आकडे आधी ०.०९, ०.१३, ०.१९ आणि ०.१४ असे होते, आणि अ‍ॅडजस्टर नट कसेही फिरवले तरी त्यांच्यातील तफावत काही केल्या कमी होत नव्हती. ज्यांनी या कामात हात काळे केले आहेत त्यांना या चार आकड्यांचे मोल वेगळे सांगायला नको.

जिप्सीच्या मागच्या एक्सेलची रचना घरी काम करणाऱ्याला सोयीची आहे. दोन्ही एक्सेल शाफ्ट बाहेर ओढून आणि प्रोपेलर शाफ्ट सोडवून घेतला, की क्राऊन-पिनियनची अख्खी असेंब्ली समोरच्या बाजूने बाहेर येते आणि पुढचे सारे काम पडवीतल्या टेबलावर, बसून करता येते. बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना आट्यांचे नट असल्यामुळे बॅकलॅशसाठी शिमांची (पातळ चकत्यांची) चळत करावी लागत नाही. एका बाजूचा नट जितका सैल करावा तितकाच दुसऱ्या बाजूचा आवळला की क्राऊन पिनियनकडे किंवा पिनियनपासून दूर सरकते. जुने कॅरियर (क्राऊन ज्यावर बसते तो सांगाडा) आणि त्यातील स्टार गिअर काढून त्या जागी लॉकरचे कॅरियर बसवणे आणि त्यावर जुनी क्राऊन चढवणे, इथपर्यंतचे काम सुरळीत झाले होते.

लॅश ०.१० ते ०.१५ मिमीच्या दरम्यान ठेवायची, असे मी ठरवले होते. एका ठिकाणी ती तशी जुळवली, की अर्ध्या फेऱ्यावर ती पार बिघडलेली दिसायची. आकडे एका फेऱ्यात एकदाच सावकाश चढत आणि तसेच सावकाश उतरत होते. एखादा दात दुखावलेला असता तर काटा त्या दातापाशी एकदम उडाला असता. त्यामुळे दोष दातांचा नसून क्राऊन किंचित तिरकी बसल्याचा आहे, एवढे स्पष्ट होते. डायल गेज क्राऊनच्या पाठीवर टेकवून फिरवल्यावर ०.१२ मिमीचा फरक मिळाला आणि तर्क खरा ठरला.

प्रश्न असा होता की हा तिरकेपणा येतो कुठून. नव्या लॉकरच्या फ्लँजमधून (क्राऊन ज्या कडेवर बोल्टने आवळतात ती), जुन्या क्राऊनमधून, की बेअरिंगमधून? क्राऊन उतरवून नुसत्या फ्लँजवर डायल लावून पाहिला, पण बसकेची पट्टी अरुंद आणि तिच्यात बोल्टची भोके, त्यामुळे प्रत्येक भोकापाशी काटा उडी मारायचा आणि वाचनावर विश्वास ठेवता येत नव्हता. बेअरिंगे दुसरी घालून पाहिली, बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांत आणि टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने पुन्हा आवळले, तरी तफावत जशीच्या तशी राहिली. महागडा लॉकरच वाकडा निघाला की काय, या शंकेने मी तो परत पाठवण्यासाठी खोकेसुद्धा शोधून ठेवले होते.

वाट दाखवली ती रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतील एका जुन्या टर्नरने. माझे सारे बोलणे ऐकून, क्राऊनला रिंग म्हणत, ते म्हणाले, “अहो, रिंग अर्धा फेरा फिरवून बसवा आणि उंचवटा कोणाबरोबर जातो ते बघा. रिंगबरोबर गेला तर दोष रिंगचा, जागच्या जागी राहिला तर फ्लँजचा.” क्राऊन आणि फ्लँज या दोहोंवर खुणा करून मी क्राऊन अर्धा फेरा फिरवून आवळली, आणि उंचवटा क्राऊनबरोबर तंतोतंत अर्धा फेरा सरकला. नवा लॉकर निर्दोष ठरला, ही त्या दिवसाची सर्वांत मोठी कमाई.

मग क्राऊनची पाठ त्या टर्नरच्या सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाटा) ब्लू (उंचवटे दाखवणारा निळा रंग) लावून टेकवली, तेव्हा निळा रंग दोन भोकांच्या मधल्या, नखाएवढ्या जागीच उमटला. भिंगातून पाहिल्यावर तिथे छिन्नीची तिरपी खूण दिसली आणि तिच्या कडेला धातूचा वर आलेला काठ. गाडी माझ्याकडे येण्याआधी कधीतरी, कुठल्याशा गॅरेजमध्ये क्राऊन सुटत नाही म्हणून छिन्नी घालून ती उचकटली गेली असणार. हातोडा मारायचाच असेल तर तांब्याचा किंवा पितळी ड्रिफ्ट (ठोकण्याचा दांडा) घ्यावा आणि घाव कडेने आळीपाळीने द्यावेत; बसकेच्या पृष्ठभागात छिन्नी घालणे हा यंत्रावर केलेला अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे. बारीक ऑइल स्टोन सपाट धरून, पुन्हा पुन्हा ब्लू लावून तपासत, केवळ तो काठ उतरवला. खळगी तशीच राहू दिली, कारण खळगीमुळे काही अडत नाही.

आपल्या कोकणातल्या मंडळींसाठी एक सूचना. खाऱ्या वाऱ्यात असे उघडे, यंत्रावर साफ केलेले पृष्ठभाग एका रात्रीत तांबूस होतात आणि त्या गंजाची पूडही डायलच्या वाचनात दिसते. म्हणून रोज काम थांबवताना सर्व भागांवर तेलाचा हात फिरवावा आणि जुळणीआधी ते केरोसीनने पुसून काढावे. सारवलेल्या खळ्यात जॅकस्टँडचे पाय रुततात, तेव्हा त्यांखाली जाड फळी हवीच. जांभ्याच्या चिऱ्यांवर मात्र गाडी कधीही तोलू नये. चिरा न सांगता फुटतो.

हत्यारांविषयी सांगायचे, तर मितुतोयोचा डायल गेज घेतल्याचे समाधान या कामात पुरेपूर मिळाले. त्याआधी स्वस्तात मागवलेल्या गेजचा काटा परतीच्या वेळी अडकायचा, आणि अशा काट्यावर शतांश मिलिमीटरचा निर्णय घेता येत नाही. ज्या दुकानदाराकडून ब्लू मागवला होता त्याने ती ट्यूब अर्धी वाळलेली पाठवली. तेलाचे दोन थेंब घालून मळल्यावर ती कशीबशी कामाला आली.

लॅश जुळल्यावर दातांवर ब्लू लावून, क्राऊनला लाकडी पाचरीने थोडा अवरोध देत पिनियन फिरवले. ठसा दाताच्या मधोमध, आतल्या टोकाकडे किंचित झुकलेला आला. तो शेंड्यालाही गेला नाही आणि बुडालाही नाही. पिनियनची खोली मी हलवलीच नव्हती, त्यामुळे तो असाच यावा ही अपेक्षा होती. तरीही तो निळा अंडाकृती ठसा पाहून फार बरे वाटले.

हवेची चाचणी टेबलावरच उरकली. सील हाऊसिंगमधून निघणारी तांब्याची बारीक नळी क्राऊनला कुठेही घासणार नाही अशी वळवली, ओ-रिंगांना तेल लावले आणि गेज असलेल्या सायकलच्या पंपाने सुमारे १०० पीएसआय दाब भरला. आत ‘खट्’ असा स्वच्छ आवाज झाला आणि एका बाजूचा स्प्लाइन गिअर फिरवताच दुसरा त्याच दिशेने, तितकाच फिरला. जोडांवर साबणाचे पाणी सोडले. बुडबुडा आला नाही. दाब सोडताच स्प्रिंगने लॉक सुटला.

कॉम्प्रेसर बॉनेटखाली बसवायचा हा मूळ बेत होता. पण हे लिहिताना वाटते, की पावसाळ्यात वहाळ ओलांडताना आणि एरवीही खाऱ्या हवेत तो तिथे लवकर गंजेल. चालकाच्या सीटखाली जागा आहे, आवाज थोडा होईल, पण यंत्र कोरडे राहील. त्यामुळे नळी आता चेसिसच्या आतल्या अंगाने, सायलेन्सरपासून लांब न्यावी लागेल. मागच्या एक्सेलचा ब्रीदर पाइपही (आतली हवा आत-बाहेर होऊ देणारी नळी) याच खेपेत पेट्रोल भरण्याच्या तोंडाएवढा उंच करून घेतो, म्हणजे गरम हाऊसिंग थंड पाण्यात उतरल्यावर ब्रीदरवाटे पाणी आत ओढले जाणार नाही.

पुढच्या एक्सेलचा लॉकर तूर्त रद्द. जांभ्याच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या वाटेवर तिरपे एक चाक उचलले जाते तेव्हा मागचा लॉकर पुरेसा आहे, आणि पुढचा लावून सुकाणू जड करण्यापेक्षा तो खर्च मी चांगल्या टायरांवर करीन. लॉकर बसला म्हणून गाडी पुळणीवर नेण्याचा विचारही नाही. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. ही जिप्सी जांभ्याच्या सड्यावरच चालेल.

आता गॅसकेट लावून असेंब्ली आत बसवायची, ईपी ९० गिअर ऑइल भरायचे आणि पहिल्या थोड्या धावेनंतर ते काढून त्यात धातूचा कीस आहे का ते पाहायचे. हवेच्या सोलेनॉइडची (विजेवर उघड-बंद होणाऱ्या झडपेची) वायरिंग कोणी सीटखालच्या कॉम्प्रेसरसोबत केली असेल, तर फ्यूज कुठे घेतला ते जरूर कळवावे.