इमॅजिका, एस्सेलवर्ल्ड आणि माझा बाक

आधीच सांगून टाकते, मी आता राईडवर बसत नाही. दोन वर्षांपूर्वी मानेचं दुखणं निघालं आणि डॉक्टर म्हणाले झटके अजिबात नकोत, रिक्षातसुद्धा जपून बसा. घोडबंदर रोडला राहणाऱ्या बाईला हे सांगायचं म्हणजे कमालच आहे, पण असो. तेव्हापासून घरात कुठल्याही पार्कला जायचं ठरलं की माझी ड्युटी फिक्स, बाकावर बसायचं आणि सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायच्या. सुरुवातीला जाम राग यायचा, कारण मी कोण होते, तर एस्सेलवर्ल्डच्या झिपर डिपरवर लागोपाठ चार वेळा बसून वर वडापाव खाणारी मुलगी. पण बाकावरून बघायला लागल्यावर कुठलं पार्क किती पाण्यात आहे ते जास्त नीट कळतं असं माझं मत झालंय, कारण राईडवर बसलेला माणूस दोन मिनिटं ओरडतो आणि सगळं विसरतो, बाकावरची बाई पाच तास तेच बघत असते.

गेल्या सप्टेंबरात बुधवारी भाच्याच्या शाळेला कसलीतरी सुट्टी होती म्हणून इमॅजिकाला जायचं ठरलं, आणि सासूबाईंनी ऐकलं की ते खोपोली-पाली रोडवर आहे, झालं, "मग आधी बल्लाळेश्वर करूया ना, एवढं लांब जातोय तर." त्यामुळे सहाला ठाण्यातून निघालो, नेरुळला बहिणीकडून भाच्याला उचलला, पळस्पे, एक्स्प्रेस वे, खोपोली, मग पालीला दर्शन आणि मिसळ, आणि परत उलटं येऊन साडेदहाला इमॅजिकाच्या गेटवर. म्हणजे कपाळाला अष्टगंध लावून रोलर कोस्टर बघायला चाललेली आमची वरात. नारळ गाडीत ठेवला, प्रसादाचा पेढ्यांचा डबा मात्र सासूबाईंनी पर्समधून काढला नाही तो नाहीच.

आता मुद्द्यावर येते. माझ्या वयाच्या ठाणेकर-मुंबईकरांचं पार्क म्हणजे एस्सेलवर्ल्ड, दुसरं काही नव्हतंच. १९८९ला गोराईला सुरू झालं, म्हणजे झी टीव्ही यायच्याही आधी, मालक तेच. शाळेची सहल जायची तेव्हा खरी मजा बोटीत होती, बोरिवलीहून गोराई खाडी, तिथे ती मचव्यासारखी डुगडुगणारी फेरी, बाई ओरडतायत एका बाजूला गर्दी करू नका आणि आम्ही सगळे एकाच बाजूला. पार्कात शिरायच्या आधीच एक राईड फुकट झालेली असायची. पुढे कॉलेजात जायला लागल्यावर शेजारी विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट वर वर येताना दिसायचा, तो २००९ला खुला झाला. इमॅजिकाला कितीही पैसे घातले तरी ही बोट त्यांना आणता येणार नाही, तिथे आपण टोलनाक्यावरून डायरेक्ट पार्किंगमध्ये पडतो.

पण राईडचं म्हणाल तर तुलनाच नाही, आणि मी हे एस्सेलवर्ल्डवर जीव असूनही म्हणतेय. एस्सेलवर्ल्ड हे जत्रेचं मोठं रूप होतं. पाळणे, गोल फिरणारं काहीतरी, उलटं करणारं काहीतरी, एक भुताचं घर. मध्ये झाडं, बाक, आईसक्रीम. प्रत्येक यंत्र सुटं, शेजारच्या यंत्राशी त्याचा काही संबंध नाही. इमॅजिका २०१३ला आलं ते मनमोहन शेट्टींनी काढलेलं, म्हणजे अ‍ॅडलॅब्जवाले, सिनेमाच्या धंद्यातले, आणि ते तिथे पावलोपावली कळतं. रांगेतच गोष्ट सुरू होते, भिंतीवर काहीतरी लटकतंय, कुठूनतरी आवाज येतोय, आणि अर्धा तास उभं राहिल्यावर आपण आत शिरतो तेव्हा निम्मा मूड आधीच तयार असतो. लहानपणी आम्ही रांगेत काय बघायचो तर पुढच्याचं डोकं.

राजासॉरसचंच घ्या. बोटीतून अंधारात जायचं, डायनोसॉर अंगावर येतात आणि शेवटी वरून धपकन खाली पाण्यात. पण मला आवडतं ते हे की त्यांनी इंग्रजी सिनेमातला डायनोसॉर उचलून आणला नाही. राजासॉरस खराच आपल्याकडचा आहे, नर्मदेच्या खोऱ्यात गुजरातेत राहिओलीजवळ त्याची हाडं सापडली आणि २००३मध्ये त्याला हे नाव मिळालं. हे मी सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "नर्मदेवर? परिक्रमावाल्यांना कधी दिसला नाही तो." त्यावर काय बोलणार.

आणि नायट्रो, तिथला मोठा रोलर कोस्टर. हा मी मान बिघडायच्या आधी दोनदा केलाय, एकदा पुढच्या रांगेत आणि एकदा अगदी शेवटच्या, आणि दोन्ही वेळा वेगळ्याच राईडवर बसल्यासारखं वाटलं होतं. पुढे बसलात तर उतारावर क्षणभर लटकता, समोर नुसते डोंगर, मागे बसलात तर पुढचे डबे आधीच खाली निघालेले असतात आणि ते तुम्हाला कड्यावरून खेचून नेतात, माझं मत विचाराल तर मागेच बसा. स्विस कंपनीचा आहे, बोलिगर अँड माबियार्डचा, उंची साधारण ४० मीटर, म्हणजे बारा-तेरा मजल्यांची बिल्डिंग, वेग १०५ किलोमीटर, आणि पाच वेळा उलटं करतो. फ्लोअरलेस म्हणतात त्याला, कारण तुम्हाला सीटमध्ये लॉक केलं की पायाखालची जमीन अक्षरशः निघून जाते आणि पाय लोंबकळायला लागतात. भाचा कोस्टरचे व्हिडिओ बघून बघून एक्स्पर्ट झालाय, तो मला शिकवत होता की मावशी, लूप कधी पूर्ण गोल नसतो, पाण्याच्या थेंबासारखा वर निमुळता असतो, गोल केला तर आत शिरताना अंगावर एवढा जोर येईल की माणसाची शुद्ध हरपेल. आणि चढावर जो टकटकटक आवाज येतो ना तो बिघाडाचा नसतो, डबे मागे घसरू नयेत म्हणून खाली जे खटके असतात ते दात्यांवरून जाताना वाजतात. एकदा वर पोचलं की पुढे मोटर नाही काही नाही, सगळा आपल्याच वजनाचा खेळ.

हे ज्ञान देऊन झाल्यावर त्याने तोंडात बोट घालून दातांची क्लिप काढली, रुमालात गुंडाळली, माझ्या हातात दिली आणि पळाला. तर बाकावरचा माझा संसार असा: तीन मोबाईल, दोन गॉगल, नवऱ्याच्या चपला, पाण्याची बाटली, एक ओली क्लिप. शेजारी सासूबाई पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन. दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून गडगडाट आणि त्यामागून किंचाळ्या, आणि सासूबाई दर वेळी न चुकता "देवा". थोड्या वेळाने मला किंचाळीवरून कळायला लागलं गाडी कुठे आहे ते. उतारावर सगळे एकसुरात ओरडतात, लूपमध्ये एकदम चिडीचूप, बाहेर आले की हसतात.

बाकावर बसलेल्यांसाठी पार्कात काय असतं, माझ्या हिशेबात मार्क तिथे मिळतात. कारण प्रत्येक घरातून निदान दोन माणसं अशी असतातच, एक म्हातारं आणि एक उंचीच्या पट्टीला दोन बोटं कमी पडलेलं पोर. इमॅजिकात आय फॉर इंडिया आहे, तिथे रांगेने खुर्च्यांवर बसवतात, खुर्च्या पुढे जातात, पाय अधांतरी, समोर अवाढव्य पडदा आणि आपण हेलिकॉप्टरमधून देशभर फिरतोय असं वाटतं. झटके नाहीत म्हणून मी सासूबाईंना घेऊन गेले. त्यांनी आधी साडी पायाभोवती घट्ट गुंडाळली, एका हाताने दांडा आणि एका हाताने माझं मनगट धरलं, दोन मिनिटांनी दांडा सोडला, आणखी थोड्या वेळाने मनगट पण सोडलं आणि खाली वाकून बघायला लागल्या. बाहेर आल्यावर पदर सारखा करत हळूच म्हणाल्या, "परत लाईन लावायची का गं?" लावली. यासाठी मी इमॅजिकाला दहापैकी नऊ देते, एक कापला तो उन्हासाठी, कारण पाऊस थांबला की दुपारी झोनमधून झोनमध्ये जाताना टाळू तापते. पावसाळ्यात जा, आजूबाजूचे डोंगर हिरवेगार असतात, आणि मधला वार धरा.

उलट एक पार्क, नाव घेत नाही, महाराष्ट्रातलं पण नाही, तिथे नवरा आणि भाचा एका फिरत्या पाळण्यात अगदी वर असताना लाईट गेली. पंचवीस मिनिटं. तशी यंत्रं बंद पडतातच, त्याचं मला काही नाही, पण खाली आम्ही वीसेक माणसं माना वर करून उभी आणि बटणावरचा पोरगा मोबाईलमध्ये, कोणी एक अक्षर सांगेना. नुसतं भोंग्यावरून "जनरेटर लावतोय, सुरक्षित आहेत" एवढं म्हटलं असतं तरी पोटातला गोळा गेला असता. त्याच पार्काच्या भूतबंगल्यात भुताची वायर दिसत होती आणि वायरवर कोळ्याचं जाळं होतं, तेही खरं. तेवढं एकच जमलं होतं त्यांना.

घराजवळचं म्हणाल तर टिकुजिनीवाडी आहे मानपाड्याला, मागे येऊरचे डोंगर, तिथे मुलांच्या वाढदिवसाला आपण सगळेच गेलोय, थीम वगैरे शोधू नका, भिजा आणि घरी या. गंमत बघा, ठाणे-बोरिवलीचा तो जवळपास १२ किलोमीटरचा बोगद्याचा रस्ता नेमका टिकुजिनीवाडीपासूनच मागाठाण्याला निघणार आहे. म्हणजे गोराईला जायचा शॉर्टकट शेवटी आमच्या दारात येतोय आणि एस्सेलवर्ल्ड बंद झालंय, शेजारचं वॉटर किंगडम तेवढं चालू आहे. आयुष्यभर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये कुजून तिकडे गेलो आम्ही!

नेरुळच्या वंडर्स पार्कला मी यात धरू का नको असं झालेलं, कारण ते महापालिकेचं, तिकीट अगदी किरकोळ, ताजमहाल, कोलोसियम वगैरे सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आणि टॉय ट्रेन. भाचा तिकडे नाक मुरडतो. पण संध्याकाळी सगळे बाक आजी-आजोबांनी भरलेले असतात आणि एकाच्याही मांडीवर दुसऱ्याच्या चपला नसतात. इमॅजिका आता मालपाणी ग्रुपकडे आहे, लोणावळ्याचं वेट एन जॉय ज्यांचं आहे ते, तर त्यांना माझं सांगणं एकच, नायट्रोच्या समोर अजून चार बाक आणि वर छप्पर टाका.

परत येताना अंधार पडला, कळंबोलीला नेहमीप्रमाणे अडकलो, मागे सगळे झोपलेले. नेरुळला गाडी थांबली, भाचा उतरला, दार लावलं आणि परत उघडलं. "मावशी, माझी क्लिप?" मी पर्स उलटी केली, पिशव्या उलट्या केल्या, नवऱ्याने चपला झटकल्या, रुमालच नाही. तेवढ्यात सासूबाई जाग्या झाल्या, शांतपणे प्रसादाचा डबा उघडला आणि दोन पेढ्यांच्या मधून ती पुरचुंडी काढून त्याच्या हातात ठेवली. "आधी धू हो. आणि हा एक पेढा आईला दे."