मीटर आणि पॅरामीटर

माझे बाबा भांडुपला रिक्षा चालवतात. हे आधीच सांगते कारण फंक्शन आणि पॅरामीटर म्हणजे काय हे मला त्यांच्या रिक्षामुळे कळलं, आणि पायथन ही कॉम्प्युटरची भाषा नुकतेच शिकायला लागलेले बरेच जण याच ठिकाणी अडकतात, विशेषतः माझ्यासारखे कॉमर्सवाले.

दिवसभर फोर्टला अकाउंट्सचं काम, शनिवार-रविवार दादरला क्लास, असं मी २०२४ च्या डिसेंबरात चालू केलं. व्हेरिएबल झालं, इफ झालं, लूप झालं, सगळं नीट जमत होतं. मग जानेवारीत सरांनी बोर्डावर लिहिलं डेफ, वर्ग, कंसात एक्स, आणि खाली एक्स गुणिले एक्स. डेफ म्हणजे इथून फंक्शन सुरू, नाव देऊन ठेवलेला कोडचा तुकडा, आणि वर्ग हे त्याचं नाव, गणितातला वर्ग. सगळ्यांनी उतरवून घेतलं. मी पण घेतलं पण डोक्यात एकच, हा एक्स आला कुठून? वर कुठेच त्याची किंमत दिलेली नाही, आणि आम्हाला तर तोपर्यंत हेच शिकवलं होतं की व्हेरिएबल वापरायच्या आधी त्यात काहीतरी ठेवायला लागतं नाहीतर एरर येतो. विचारलं तर सर म्हणाले, "तो पास होतो." आता मुंबईत पास म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर भांडुप ते सीएसएमटीचा महिन्याचा पास येतो, त्याने काय उलगडणार.

त्याच आठवड्यात आईने ज्वारी देऊन खाली गिरणीत पाठवलं. ओळीने डबे लागलेले, कोणाचे गहू, कोणाची भाजणी. काका प्रत्येकाला विचारतात, कशाचं, जाड की बारीक, आणि वरच्या त्या मोठ्या तोंडात ओततात. मी उभी राहून बघत होते आणि एकदम लक्षात आलं की गिरणी बसवली तेव्हा माझी ज्वारी कुठे होती? तेव्हा फक्त जागा होती, "जे येईल ते" टाकायची. तो एक्स म्हणजे ती जागा आहे! डेफच्या ओळीत आपण फक्त जागेला नाव देतो, त्याला पॅरामीटर म्हणतात, आणि फंक्शन बोलवताना, म्हणजे वापरताना, आपण जे खरंखुरं आत टाकतो ते आर्ग्युमेंट. फंक्शनचं काम झालं की ते नाव पण संपलं, बाहेर एक्स विचारलात तर पायथन म्हणणार मला माहीत नाही. ज्याला अजून हे धूसर वाटतंय त्याने खरंच एकदा गिरणीत जाऊन उभं राहावं.

घरी येऊन मी बाबांसाठी फंक्शन लिहिलं. रिक्षाचं भाडं, अंतर दिलं की रुपये सांगायचं. तेव्हा दर होता किलोमीटरला १५.३३ आणि पहिल्या दीड किलोमीटरचे २३. अंतर गुणिले १५.३३, राउंड करायचं, प्रिंट करायचं. चाललं. मग बाबा म्हणाले दिवसभराच्या फेऱ्यांची बेरीज कर, म्हणून मी दोन फेऱ्यांची भाडी अधिक करून बघितली तर एरर, नन-टाइपची बेरीज होत नाही म्हणे. अर्धी रात्र त्यात गेली. स्क्रीनवर ४६ दिसतायत, ७७ दिसतायत, मग बेरीज का नाही? कारण प्रिंट फक्त दाखवतं. गिरणीच्या काचेतून पीठ पडताना दिसलं म्हणजे ते माझ्या डब्यात आलं असं होत नाही. डब्यात यायला रिटर्न लागतं. रिटर्न लिहिलं नाही तर पायथन गुपचूप नन, म्हणजे 'काहीच नाही', परत देतो, आणि नन अधिक नन होत नाही. मला वाटतं क्लासमध्ये पहिल्याच दिवशी रिटर्न शिकवावं आणि प्रिंट फंक्शनच्या बाहेरच ठेवायची सवय लावावी, या एका गोष्टीसाठी नवीन मुलांचे किती तास जातात.

तर हे सगळं बसवून झालं, मी उत्साहात रात्रीचं भाडं केलं, फेऱ्यांचा तक्ता केला, नेहमीच्या ठिकाणांची यादी केली, आणि १ फेब्रुवारी २०२५ ला भाडं वाढलं. रिक्षा २३ ची २६ झाली, किलोमीटरला १७.१४. टॅक्सी २८ ची ३१. मीटरमध्ये नवा दर भरून होईपर्यंत दरांचं कार्ड बघून पैसे घ्यायचे, म्हणून बाबांना माझा फोनमधला तक्ता खरंच हवा होता. आणि माझ्या कोडमध्ये १५.३३ सात ठिकाणी लिहिलेलं. मी सहा बदलले. सातवा रात्रीच्या फंक्शनमध्ये राहिला, आणि बाबांनी दोन रात्री एअरपोर्टच्या फेऱ्यांना जुन्या दराने पैसे घेतले. ते काही बोलले नाहीत, मला तिसऱ्या दिवशी तक्ता बघताना दिसलं. फार वाईट वाटलं, कारण ते त्यांच्या झोपेचे पैसे होते.

त्या दिवशी मी पॅरामीटर खऱ्या अर्थाने शिकले असं मी म्हणेन. कंसात काय लिहायचं हे सिन्टॅक्स, म्हणजे भाषेचं व्याकरण आहे, ते कोणालाही येतं, पण कुठली गोष्ट आत पक्की बसवायची आणि कुठली बाहेरून येऊ द्यायची हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला तुमच्या विषयातलं कळायला लागतं. अंतर बदलतं हे मला दिसत होतं कारण ते रोज बदलतं. भाड्याचा दर मात्र दोन-तीन वर्षांनी बदलतो म्हणून तो मला पक्का आकडा वाटला, दगडासारखा. मग कंसात दोन जागा केल्या, अंतर आणि दर. तसं करताना एक गंमत दिसली, दीड गुणिले १७.१४ म्हणजे २५.७१, राउंड केलं की २६. आणि टॅक्सीचा दर २०.६६, दीडने गुणलं की ३०.९९, म्हणजे ३१! जुनं पण तसंच जुळतं, २३ आणि २८. म्हणजे पहिलं भाडं हा वेगळा आकडा लक्षात ठेवायचीच गरज नाही, अंतर दीडपेक्षा कमी असेल तर दीड धर, एवढी एक ओळ पुरते. दर बाहेर काढला नसता तर हे मला कधी दिसलंच नसतं. खालच्या मजल्यावरचे काका टॅक्सी चालवतात, शीव-वांद्र्याच्या पुढे दक्षिणेला रिक्षा चालत नाही तिकडे सगळं त्यांचं राज्य, त्यांना तक्ता द्यायला मला फंक्शनमध्ये एक अक्षर बदलायला लागलं नाही, फक्त २०.६६ पाठवलं.

एकदाच लिहायचं आणि हवं तिथून बोलवायचं ही कल्पना किती जुनी आहे ते मी नंतर वाचलं. केंब्रिजला एडसॅक नावाचा कॉम्प्युटर १९४९ मध्ये चालू झाला, तिथे डेव्हिड व्हीलर आणि बाकीच्यांनी अशी सबरूटीन्स, म्हणजे आजच्या फंक्शनसारखे तुकडे, कागदी पट्टीवर भोकं पाडून लायब्ररीसारखी जपून ठेवली होती, आणि बोलवायच्या आज्ञेच्या लगेच पुढे पॅरामीटर लिहून द्यायची पद्धत तेव्हापासूनची. म्हणजे त्यांनाही तोच त्रास झाला असणार, तोच आकडा परत परत लिहायचा.

आता पुढची चूक, जी मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. मी डेफमध्ये अंतर आधी, दर नंतर लिहिलं होतं, पण तक्ता बनवताना बोलवलं उलटं, आधी १७.१४ मग अंतर. पाच किलोमीटरला ८६ आले, बरोबर. दहाला १७१, बरोबर. गुणाकारच तो, उलटा केला तरी उत्तर तेच. एररही नाही. बाबांनी बघितलं आणि म्हणाले, "अगं, एक किलोमीटरला सतरा रुपये कसे? बसल्या बसल्या सव्वीस पडतात." झालं असं होतं की १७.१४ अंतराच्या जागी जाऊन बसलं, ते दीडपेक्षा मोठं, म्हणून कमीत कमीची अट लागलीच नाही. कुठला आकडा अंतर आणि कुठला दर हे फंक्शनला आपोआप कळत नाही, नुसतं दिलं तर ते क्रमाने घेतं, पहिलं पहिल्या जागेत, दुसरं दुसऱ्या. तेव्हापासून मी बोलवताना नाव लिहूनच देते, अंतर=१, दर=१७.१४, मग क्रम कसाही असो. चार अक्षरं जास्त टाइप होतात, होऊ देत. आणि तपासताना छोटे आकडे नक्की घालायचे, माझं मोठ्या आकड्यांवर सगळं बरोबरच येत होतं.

रात्री १२ ते ५ सव्वापट असतं, त्यासाठी तिसरा पॅरामीटर केला, रात्र=फॉल्स, फॉल्स म्हणजे 'नाही'. काही सांगितलं नाही तर दिवस समजायचा, गिरणीवाले काका काही न सांगता बारीकच दळतात तसं. हे डिफॉल्ट फार सोयीचं असतं पण त्यात एक खड्डा आहे. फेऱ्यांची नोंद ठेवायच्या फंक्शनला मी डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट दिली, आणि मंगळवारच्या यादीत सोमवारच्या फेऱ्या यायला लागल्या. डिफॉल्टची वस्तू डेफची ओळ चालते तेव्हा एकदाच तयार होते, दर वेळी नवी नाही, आणि आत भरलेलं तसंच राहतं, जसं गव्हानंतर ज्वारी घातली की आधीचं थोडं पीठ येतंच. म्हणून तर उपासाचं दळायला आई कोणाच्या मागोमाग डबा लावत नाही. डिफॉल्टमध्ये नन द्यायचं आणि आत गेल्यावर नन असेल तर नवी लिस्ट करायची, म्हणजे गिरणी पुसलेली.

एक छान गोष्ट राहिली. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची आणि फंक्शनची नावं देवनागरीत चालतात, माझ्या कोडमध्ये खरोखर भाडं, अंतर, रात्र अशीच नावं आहेत. आकडे मात्र कोडमध्ये मराठी चालत नाहीत, पण बाबा फोनवर अंतर १.५ असं मराठी कीबोर्डने टाकतात आणि फ्लोट, म्हणजे टाइप केलेल्या मजकुराचा दशांश आकडा करणारं पायथनचं फंक्शन, त्याचा बरोबर आकडा करतं. हे बघून ते जितके खूश झाले तितके बेरीज जमल्यावर पण झाले नव्हते.

काल रात्री त्यांनी जेवताना विचारलं, "एलबीएस रोडला सिग्नलला दहा मिनिटं उभं राहिलो, ते कुठे धरलंस?" मीटर थांबायचे पण पैसे घेतो, मी ते धरलंच नव्हतं. ताट बाजूला सारून डेफची ओळ उघडली आणि कंसात रात्रच्या पुढे स्वल्पविराम दिला, थांबा=०.