भारतीय हवाई दलाच्या लिबरेटरमधून अर्धा तास

कॅलिफोर्नियातल्या मॉफेट फील्ड या विमानतळावर काही वर्षांपूर्वीपर्यंत मे महिन्यात दुसऱ्या महायुद्धातली विमानं यायची आणि साडेचारशे डॉलर भरले की त्यांत बसताही यायचं. दादा सनीव्हेलला राहतो, त्याने माझ्यासाठी आधीच चौकशी करून ठेवली होती. रांगेतल्या बहुतेकांना बी-१७ हवं होतं. मी बी-२४ लिबरेटर हे अवजड बॉम्बरच मागितलं, कारण या विमानाची मधली वीस वर्षं भारतीय हवाई दलात गेली आहेत. ते पुन्हा उडालं यात आपल्या माणसांचा वाटा फार मोठा आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

ऑगस्ट १९४४ मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या कारखान्यातून ते बाहेर पडलं आणि ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सकडे गेलं. युद्ध संपलं, तेव्हा अशी कितीतरी लिबरेटर कानपूरला उभी होती. अमेरिकेने उसनी दिलेली ही विमानं कुणी पुन्हा वापरू नयेत म्हणून ब्रिटिशांनी जाण्यापूर्वी ती मुद्दाम निकामी केली. भंगारच म्हणायचं. पण १९४८ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट या बंगळुरूच्या विमान कंपनीचे तंत्रज्ञ तिथे पोहोचले. एकाचं इंजिन, दुसऱ्याचं चाक, तिसऱ्याची उपकरणं असं जुळवत त्यांनी ती बंगळुरूपर्यंत पोहोचण्यापुरती उडती केली. चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती तिकडे नेली आणि बंगळुरूच्या कारखान्यात त्यांची पुरती दुरुस्ती झाली. अशी चाळीसच्या आसपास विमानं! नव्या देशाचं पहिलं अवजड बॉम्बर दल त्यातूनच उभं राहिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात हवाई दलाची पाच नंबरची स्क्वाड्रन, म्हणजे तुकडी, उभी राहिली. जानेवारी १९५१ मध्ये सहा नंबरची स्क्वाड्रन आमच्या पुण्यात, लोहगावला, लिबरेटर घेऊन पुन्हा उभी राहिली. समुद्रावर गस्त घालणं हे तिचं काम. १९६८ च्या अखेरीपर्यंत भारतात लिबरेटर उडत होती. लोहगावच्या धावपट्टीवरून आता आपण इंडिगोने दिल्लीला जातो, पण हे किती पुणेकरांना ठाऊक आहे?

विमानात शिरायचं ते पोटाखालून, बॉम्ब ठेवायच्या कप्प्यातून. त्याची दारं दुकानाच्या शटरसारखी बाहेरच्या अंगाला वर सरकतात. मधून पुढे-मागे जायला जेमतेम वीतभर रुंदीची पट्टी आहे. ‘पाय पट्टीवरच ठेवा, दारं माणसाचं वजन पेलत नाहीत,’ असं तिथल्या स्वयंसेवकाने बजावलं. मी पुण्याचा आहे म्हटल्यावर गृहस्थ भलतेच खूश झाले आणि माझ्या शेजारच्यांना कानपूरची गोष्ट सांगू लागले.

मागच्या भागात जमिनीवरच बसून पट्टा बांधला. चार इंजिनं एकामागून एक धुराचा लोट सोडत सुरू झाली. प्रत्येकी चौदा सिलिंडर, बाराशे अश्वशक्ती. सगळा सांगाडा थरथरतो, तेलाचा वास नाकात जातो, बोललेलं काही ऐकू येत नाही. पत्रा उतरवून नुसत्या फासळ्या उरलेलं मॉफेटचं ते प्रचंड हँगर खाली गेलं आणि पट्टे सोडायची खूण झाली.

दोन्ही बाजूंच्या मशीनगनच्या खिडक्या सताड उघड्या! वारा अंगावर येत होता आणि खाली खाडीकाठची मिठागरं होती, कुठे गुलाबी, कुठे विटकरी. मग वाकून, रांगत नाकाशी गेलो. तिथे काचेपलीकडे फक्त आकाश.

युद्धात अशा विमानात दहा जण असायचे. वीस हजार फुटांवर, उणे तीस अंशांच्या थंडीत, प्राणवायूचे मुखवटे लावून, तासन्‌तास. आम्ही शर्टावर उभे होतो तरी अंगावर काटा आला. हे यंत्र शहरांवर बॉम्ब टाकण्यासाठी घडवलेलं आहे, हेही त्या कप्प्यातून चालताना डोळ्यांआड करता येत नाही. करूही नये.

बंगळुरूला पडून राहिलेलं हे विमान १९८१ मध्ये एका ब्रिटिश संग्राहकाने विकत घेतलं आणि सुटं करून इंग्लंडला नेलं. १९८४ मध्ये ते अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशन या जुनी विमानं जपणाऱ्या संस्थेकडे आलं. त्यांचा बेत ते नुसतं मांडून ठेवायचा होता. एकेकाळी लिबरेटरवर काम केलेल्या म्हाताऱ्या सैनिकांनी गळ घातली, की उभं विमान काही हजार लोक बघतील, उडतं विमान लाखो बघतील. मग फ्लोरिडात किसिमीला काम चाललं आणि १९८९ मध्ये ते पुन्हा उडालं. मी बसलो तेव्हा त्याच्या नाकावर ‘विचक्राफ्ट’ हे नाव होतं.

आता त्यात बसता येत नाही. २ ऑक्टोबर २०१९ रोजी याच संस्थेचं बी-१७ कनेक्टिकटमध्ये ब्रॅडली विमानतळावर कोसळून सात जणांचा जीव गेला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने संस्थेची प्रवासी उड्डाणांची परवानगी काढून घेतली. सात जीव गेल्यावर दुसरं काय करणार? निर्णय मला पटतो. पण भारतातून गेलेली लिबरेटर ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयात, ओटावात आणि ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयातही आहेत. आणि दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयातही एक आहे. दिल्लीला गेलात, तर मुलांना घेऊन त्याच्यापाशी जा आणि त्यांना कानपूरची गोष्ट सांगा.