तुम्ही विचारलंत म्हणून: हे पायलटचं काय काढलंय?

मी पिलाटीस नावाच्या व्यायामाच्या क्लासला जाते ना, तर "योगासनं आपली असताना हे पिलाटीस कशाला?" हळदीकुंकवाला विचारतात, मासळीबाजारात सुरमईचा भाव करता करता विचारतात. शेजारच्या काकू तर अजून 'पायलट'च म्हणतात. "काय गो, आज पायलटला नाही गेलीस?" आता एकदाच सांगते, पुन्हा विचारू नका. (विचारालच.)

योगाशी माझं भांडण नाही. सासरे रोज पंचवीस सूर्यनमस्कार घालायचे. मी एक तरी घातला का? मग 'आपलं असताना' हे माझ्या तोंडी शोभत नाही, आणि विचारणाऱ्या बहुतेकींच्याही नाही. आसनात जाऊन आपण थांबतो. पिलाटीसमध्ये थांबणं कमी, सावकाश हालणं जास्त, आणि प्रत्येक हालचाल श्वासाला बांधलेली. जोर पोटाच्या आतून, ओटीपोटाच्या तळापासून काढायचा. वजन उतरवायला येणार असाल तर येऊ नका, मागाहून मला बोल लावाल.

जमेल का, हा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर द्यायचं तर एप्रिलमधली ती दुपार सांगावी लागेल, आणि ती मी आजवर घरचे आणि क्लासच्या बाई सोडून कुणाला सांगितलेली नाही.

क्लासला चारच दिवस झाले होते. उताणं झोपून, हात पुढे करून, पाठीचा एकेक मणका उचलत उठून बसायचं, त्याला रोल-अप म्हणतात. शेजारच्या सतरंजीवरची बँकेतली पोरगी लोण्यासारखी उठायची. मी मध्येच अडकायचे. बाई म्हणायच्या, "गुडघे दुमडा, मांड्या धरून उठा, चालतं." मला चालत नव्हतं. पन्नाशीची मी, आयुष्यभर आंब्याच्या पेट्या उचललेली, मला उठून बसता येत नाही?

तर त्या दुपारी पेट्या भरून झाल्यावर ओटीवर फोनमध्ये व्यायामाचा व्हिडिओ लावला, पाय लाकडी कपाटाखाली खुपसले आणि हिसका देऊन उठले. पहिल्यांदा जमलं. दुसऱ्यांदाही जमलं. तिसऱ्यांदा कमरेत अशी उसण भरली की हाक मारायलाही श्वास पुरेना. अर्धा तास वासे मोजत पडले होते. फोनमधली बाई इंग्रजीत "सुंदर, अजून पाच" म्हणत होती. बाजूच्या खोलीत आढीतला हापूस घमघमत होता, आणि दुसऱ्या दिवशी वाशीला जायच्या पेट्या दारात रचलेल्या होत्या. हे आले, बघितलं, काही बोलले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं. पुढचे आठ दिवस पेट्या जाऊबाईंनी भरल्या. त्यांनीही काही बोलून दाखवलं नाही, फक्त पेंढा नेहमीपेक्षा जोरात दाबत होत्या.

क्लासच्या बाईंना फोन केला. फिजिओथेरपिस्ट आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आधी पाय बधिर होतोय का, मुंग्या येतात का, ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "उठताना श्वास कुठे होता?" मी चिडून म्हटलं, "नाकात!"

खरं तर कोंडलेला होता. पेटी उचलतानाही मी तो कोंडतेच, तीस वर्षं.

परत गेले तेव्हा त्यांनी तीन आठवडे फक्त श्वास घ्यायला लावला. बरगड्यांभोवती जुना पंचा गुंडाळायचा, टोकं हातात धरायची. नाकाने श्वास घेतला की पंचा बाजूंना आणि पाठीमागे ताणला पाहिजे, खांदे वर जाता कामा नयेत. तोंडाने सोडला की पंचा सैल, आणि बेंबी अलगद आत. सुरुवातीला माझा पंचा ढिम्म हलेना. यासाठी पैसे भरतेय मी, असं दर वेळी मनात यायचं.

तेव्हाच पडल्या पडल्या त्यांनी हा व्यायाम काढणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. जोसेफ पिलाटीस, जन्म 1883, जर्मनीतला. लहानपणी दमेकरी, हाडं मुडदुसाची. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला शत्रूचा माणूस म्हणून आयल ऑफ मॅन या बेटावरच्या छावणीत ठेवलं, तिथे तो इतर कैद्यांकडून व्यायाम करून घ्यायचा. ब्रह्मदेशचा आपला थिबा राजा 1916 साली इथेच रत्नागिरीत नजरकैदेत असताना वारला, जवळपास त्याच सुमाराला. मला उगाच दोघं शेजारी वाटतात. पुढे पिलाटीस न्यूयॉर्कला गेला, नर्तक-नर्तकी त्याच्याकडे येऊ लागल्या. तो स्वतः या प्रकाराला 'कंट्रोलॉजी' म्हणायचा. हिसका देऊन उठणाऱ्या बाईला हे नाव ऐकवणं म्हणजे टोमणाच.

तेव्हा यायचंच असेल तर हाडं ठिसूळ झालीत, मणक्याची गादी सरकलीय, पूर्वी ऑपरेशन झालंय, जे असेल ते आधी डॉक्टरांना विचारा आणि बाईंना सांगा, लपवू नका. ठिसूळ हाडांना पुढे वाकायचे पुष्कळ प्रकार वर्ज्य असतात. जेवून लगेच येऊ नका. साडी नको. 'हंड्रेड' नावाचा प्रकार असतो, डोकं आणि पाय उचलून हात खालीवर हलवत पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, असं दहा वेळा. मान दुखली की डोकं खाली ठेवा. तिकडे कुणी बघत नसतं, मी सोडून.

कंबर बरी झाली का? झाली. पण यंदा मुलाने पेट्यांसाठी ढकलगाडी आणलीय आणि मी एकही पेटी उचललेली नाही. मग गुण पिलाटीसचा की गाडीचा? हे म्हणतात गाडीचा. मी भांडते, पण रात्री मलाही तसंच वाटतं. रोल-अप अजून मांड्या धरूनच करते. बँकेतली पोरगी क्लास सोडून गेली, तिला कंटाळा आला म्हणे.

काकू, मंगळवारी सकाळी सात. पंचा घरून आणा, माझा मी देणार नाही.