आयर्न सेटची शोधाशोध, भाग ३: सातवर सात लिहिलंय म्हणून ते सात नसतं

गोल्फसाठी नवीन आयर्न सेट (आकडे लिहिलेले, चपट्या हेडचे क्लब) शोधत होते. मागच्या अपडेटला तीन हेडवर (क्लबचा बॉलला लागणारा भाग) येऊन थांबले होते, आता त्यातलं एक ठरलंय आणि ऑर्डरही गेलीय, तर का ठरलं ते लिहून ठेवते, कारण हे सगळं महिन्याभरात माझ्याच डोक्यातून जाणारे. नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: हँडिकॅप २३ (आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा), उजव्या हाताने खेळते, उंची पाच फूट आठ इंच, ७ आयर्नचा क्लबहेड स्पीड ताशी ७० मैलांच्या आसपास, बॉल पुरेसा वर जात नाही ही जुनी तक्रार, आणि सध्याचा सेट म्हणजे सुरुवातीला मिळाला तोच बॉक्स सेट, ज्याच्या ९ आयर्नच्या ग्रूव्हमध्ये (फेसवरच्या खाचांत) आता नखसुद्धा अडकत नाही.

तीन हेड कुठली ते प्रकाराने सांगते. एक जाडं, म्हणजे रुंद सोल (तळ), जाड टॉपलाइन (वरची कड), भरपूर ऑफसेट (फेस दांड्याच्या जरा मागे), ज्याला गेम इम्प्रूव्हमेंट म्हणतात. दुसरं मधलं, आतून पोकळ, वरून बघितलं तर बऱ्यापैकी सडपातळ. आणि तिसरं फोर्ज्ड कॅव्हिटी बॅक (ठोकून घडवलेलं, मागून खोलगट), जे बघूनच जीव खुळावतो.

पहिल्या दिवशी तिन्हींचं ७ आयर्न मारलं आणि स्क्रीनवर जाडं सरळ सरळ पुढे. कॅरी (बॉलने हवेतून कापलेलं अंतर) १२८ यार्ड, मधल्याचा १२४, फोर्ज्डचा ११६. फिटर (क्लब मापाने बसवून देणारा) खूश, मागे उभं राहून बघणारेही खूश, सगळ्यांचं एकच, अगं घेऊन टाक. पण इथंच घोडं पेंड खातं, कारण या तिन्ही क्लबांवर ७ लिहिलंय एवढंच त्यांच्यात सारखं आहे. कंपन्यांचे छापील स्पेक्स काढून लॉफ्ट (फेस मागे किती कललेला आहे तो कोन) बघा: टायटलिस्ट टी१०० चं ७ आयर्न ३४ डिग्री, टेलरमेड पी७९० चं ३०.५, पिंग जी४३० चं २९. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ५ डिग्रीचा फरक, आणि सेटमधल्या दोन शेजारच्या क्लबांत साधारण ४ डिग्रीचं अंतर असतं, तर हे सात विरुद्ध सात नाहीचे, हे एकाचं सात आणि दुसऱ्याचं जवळजवळ सहा आहे. ब्लेडच्या (जुन्या पातळ आयर्न्सच्या) जमान्यात सात ३५-३६ डिग्रीचं असायचं आणि पिचिंग वेज (९ च्या पुढचा, जास्त लॉफ्टचा क्लब) ४८ च्या वर. आता जी४३० चा पिचिंग वेज ४१ डिग्रीचा आहे, जो पूर्वी ९ आयर्नपेक्षाही ताठ ठरला असता.

याला सगळेच फसवणूक म्हणतात, मी तसं म्हणणार नाही. हेडचं वजन खाली आणि मागे नेलं की तोच लॉफ्ट बॉल जास्त उंच पाठवतो, मग कंपनी लॉफ्ट कमी करून ती उंची परत पूर्वीइतकी खाली आणते आणि वर लांबी मिळते. कार्स्टन सोल्हाइमने पिंगमध्ये वजन हेडच्या कडांकडे ढकलायची कल्पना रुजवली, त्यामुळे मधोमध न लागलेला शॉटही बरा जायला लागला, आणि आजची सगळी जाडी आयर्न्स त्याच वाटेवरची. इंजिनिअरिंग खरं आहे. प्रश्न एवढाच की ते कुणाच्या स्पीडला धरून केलंय.

तर माझ्या स्पीडला काय होतं ते. तिन्हींचे आकडे परत काढले पण या वेळी कॅरीच्या रकान्यावर अक्षरशः कागद चिकटवला आणि फक्त लँडिंग अँगल बघितला, म्हणजे बॉल किती उभा खाली येतो ते. जाडं ३८ डिग्री, मधलं ४३, फोर्ज्ड ४४. ट्रॅकमॅनने (शॉट मोजणारी यंत्रं बनवणारी कंपनी) प्रसिद्ध केलेल्या एलपीजीए, म्हणजे व्यावसायिक महिला टूरच्या, सरासरीत ७ आयर्नचा कॅरी १४१ यार्ड आणि लँडिंग अँगल ४७ डिग्री आहे, स्पिन मिनिटाला ६७०० फेऱ्यांच्या आसपास, क्लबहेड स्पीड ७६. त्या बायका माझ्यापेक्षा ताशी सहाच मैलांनी जोरात मारतात बरं का, म्हणून मी पुरुषांचे आकडे बघणं सोडून हेच बघते, आणि तुमचाही स्पीड या गटातला असेल तर पुरुष असलात तरी हेच बघा. ३८ डिग्रीने आलेला बॉल ग्रीनवर पडतो आणि पळतो. १२८ यार्ड कॅरी अधिक पुढे १५ यार्ड घरंगळणं याला मी लांबी धरत नाही. समोर बंकर आणि त्याच्या लगेच मागे पिन असेल तर तो शॉट माझ्याकडे उरतच नाही.

याहून मोठा धक्का वरच्या क्लबांनी दिला. जाड्या सेटमध्ये ७ चा कॅरी १२८, ६ चा १३६, आणि ५ चा १३९! सहा आणि पाचमध्ये तीन यार्ड. काही वेळा पाच उलट कमी गेलं. कारण साधंय, पाचचा लॉफ्ट इतका कमी की माझ्या स्पीडला बॉलला ना उंची मिळते ना स्पिन, मग तो हवेत टिकतच नाही. म्हणजे पूर्ण सेटचे पैसे द्यायचे आणि त्यातला एक क्लब शोभेला बॅगेत ठेवायचा. कुठलाही सेट घ्यायच्या आधी फक्त ७ मारून घरी येऊ नका, त्यातलं सगळ्यात लांब आयर्न आणि त्याखालचं एक मारून दोघांच्या कॅरीत किमान ८-१० यार्ड निघतात का बघा. नसतील निघत तर ते लांब आयर्न तुमचं नाही, हायब्रिड किंवा ७ वूड (बॉल सहज वर पाठवणारे क्लब) घ्या.

म्हणून माझा सेट ६ पासून सुरू होतोय, ५ वर पाणी सोडलं. त्याच्या जागी ५ हायब्रिड, वर ७ वूड. चौदा क्लबांची मर्यादा आहे, चौदा भरलेच पाहिजेत असा नियम नाही.

फोर्ज्डबद्दल लिहायलाच हवं कारण मागच्या भागावर सगळ्यांनी तेच विचारलं होतं. मारून बघितलं, मन भरून मारलं, आणि मधोमध लागलं की जे वाटतं त्याला तोड नाही हे मान्य. पण फेसवर पावडर स्प्रे मारून बघितलं तेव्हा चित्र वेगळं होतं. पांढऱ्या फेसवर माझे ठसे मधून टोच्या, म्हणजे हेडच्या बाहेरच्या टोकाच्या बाजूला, एक-दीड बोटभर पसरलेले. मधल्या हेडवर त्याच जागी लागलेला शॉट सहा-सात यार्ड कमी जातो, फोर्ज्डवर बारा-तेरा. ११६ वजा १३ हा हिशोब मला परवडत नाही. शिवाय फोर्ज्डचा तो सुप्रसिद्ध फील बराचसा आवाजात असतो असं माझं मत, कानात बोळे घालून दोन्ही मारून बघा आणि मग भांडायला या.

आता लाय अँगल, म्हणजे दांडा जमिनीशी किती उभा किंवा आडवा आहे तो कोन. यावर लोक दोन ओळी लिहून पुढे जातात आणि मला वाटतं ब्रँडपेक्षा हे शंभर पट महत्त्वाचं आहे. झालं असं की एका फिटरने मी दारातून आत आले तसा काही न मोजता लेडीज सेट पुढे केला, लांबीला इंचभर कमी, एल फ्लेक्स (सगळ्यात लवचिक दांडा), वजनाला हलका. मी पाच आठ. पण वादात न पडता मार्करची टेस्ट केली, जी कुणालाही करता येते: बॉलवर जाड मार्करने एक सरळ उभी रेघ काढायची, ती रेघ फेसच्या बाजूला येईल असा बॉल ठेवायचा आणि मारायचा. रेघेचा ठसा फेसवर उमटतो. ठसा ग्रूव्हना बरोबर काटकोनात असेल तर लाय ठीक. ठशाचं वरचं टोक टोच्या बाजूला झुकलं तर क्लब तुमच्यासाठी जास्त उभा, बॉल डावीकडे जायची सवय लागते (उजव्या हाताच्यांसाठी). हीलकडे (दांड्याच्या बाजूला) झुकलं तर जास्त आडवा, बॉल उजवीकडे. लेडीज लांबीवर माझा ठसा चांगलाच हीलकडे कललेला होता, म्हणजे टो जमिनीत आणि हील हवेत. तो ठसा फिटरला दाखवला, मग नियमित लांबीचा क्लब बाहेर आला. त्यावर ठसा जवळजवळ सरळ, एक डिग्री अपराइट (जास्त उभा) केल्यावर अगदी ताठ.

आणि हे फक्त लांब क्लबांवर नाही बघायचं. लॉफ्ट जितका जास्त तितकी चुकीची लाय दिशेला जास्त ओढते, म्हणजे ९ आणि वेजवर त्रास सगळ्यात जास्त, जिथे आपल्याला पिनच्या जवळ जायचं असतं. पिंगवाले यासाठी हेडवर रंगीत ठिपका देतात, काळा म्हणजे स्टँडर्ड, निळा अपराइटकडे, लाल फ्लॅटकडे (आडवा). सेकंडहँड पिंग बघत असाल तर आधी ठिपका बघा, मग ग्रूव्ह, मग किंमत.

शाफ्टवर (दांड्यावर) माझं मत बदललं नाही, फ्लेक्सच्या अक्षरावर जाऊ नका. आर, एस, एल याला सगळ्या कंपन्यांचं मिळून एक असं माप नाहीच, एकाचा आर दुसऱ्याच्या एसइतका कडक निघू शकतो. वजन मात्र वजन असतं. डायनॅमिक गोल्ड एस३०० साधारण १३० ग्रॅम, निप्पॉनचा ९५०जीएच ९५ ते ९८ च्या घरात, ग्रॅफाइट ५० पासून पुढे हवा तसा. मी ९५ चा स्टील आणि सत्तरच्या घरातला ग्रॅफाइट दोन्ही मारले. पहिल्या वीसेक बॉलला काहीच फरक नाही, उलट स्टीलचे ठसे जास्त जवळजवळ. मग मुद्दाम थकल्यावर परत मारले, आणि तेव्हा स्टीलचा स्पीड चार मैलांनी उतरला, ग्रॅफाइटचा एक. चौदाव्या होलला मी कोण असते ते मला माहितीय, म्हणून ग्रॅफाइट. पन्नास ग्रॅमचा पण दिला होता हातात, त्यात स्विंगच्या टॉपला हेड कुठे आहे तेच कळेना आणि बॉल दोन्हीकडे. हलकं म्हणजे आपोआप जोरात, असं काही नसतं. आणि ग्रॅफाइट म्हातारे वापरतात म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार, ते कोपर दुखत नसेल तोवर म्हणा.

वन लेंग्थबद्दल दोघा-तिघांनी विचारलं होतं. अमेरिकन गोल्फपटू ब्रायसन डीशॅम्बोची सगळी आयर्न्स ३७.५ इंचांची, साधारण ७ आयर्नच्या लांबीची, आणि कोब्राने २०१७ पासून तसे सेट विकायलाही काढले. एकच सेटअप, एकच स्विंग, कल्पना गोड आहे. पण त्याच्याकडे स्पीड उतू जातोय, माझं ६ आयर्न आखूड केलं तर होता तोही स्पीड जाणार. सोडलं.

मॅटचं (सरावाच्या चटईचं) एक सांगते. मॅटवर हेड बॉलच्या थोडं मागे पडलं तरी सोल घसरत पुढे जातो आणि शॉट छान निघतो, आकडेही छान येतात, गवतात तोच शॉट निम्म्यावर. म्हणून शेवटचा निर्णय गवतावरच घ्यायचा असं ठरवलं होतं, डेमो हेड मागून नेलं. ओलसर जमिनीवर जाड्याचा रुंद सोल खरोखर बरा होता, खणत नाही, पण कडक जमिनीवर तोच सोल उसळून लीडिंग एज (फेसची खालची पुढची कड) बॉलच्या पोटात, आणि बॉल गुडघाभर उंचीवरून सूं करून ग्रीनपार. मधल्याचा सोल पुढच्या कडेला थोडा घासलेला आहे, दोन्हीकडे चालला. स्वतःचे बॉल वापरले हेही लिहिते, रेंजच्या झिजलेल्या बॉलवर स्पिनचे आकडे बघण्यात काही अर्थ नाही.

तर ऑर्डर अशी: मधलं हेड, ६ ते पिचिंग वेज, ७ चा लॉफ्ट ३१, नियमित लांबी, एक डिग्री अपराइट, सत्तरच्या घरातला ग्रॅफाइट आर, ग्रिप स्टँडर्ड पण खाली टेपचा एक जादा थर. मिडसाइज ग्रिप घेतली असती पण जड ग्रिपने स्विंगवेट (हातात हेड किती जड वाटतं त्याचं माप) उतरतो, पाच ग्रॅमला साधारण एक पॉइंट, आणि मला हेड जाणवायला हवं.

अजून लटकलेलं एकच, वेजचं गणित. नव्या सेटचा पिचिंग वेज ४४ डिग्रीचा आणि माझा जुना सँड वेज ५४ चा, मध्ये दहा डिग्रीचं भगदाड. सेटबरोबरचा गॅप वेज ४९ चा आहे, तो घेतला तर पाच-पाचचं अंतर नीट बसतं आणि पूर्ण स्विंगला उत्तम, पण अर्ध्या स्विंगच्या चिपला त्याचा जाड सोल मला आवडला नाही. दुसरा पर्याय वेगळा ५० चा वेज, स्टील शाफ्टवर, थोडा जड, आणि त्याची लाय एक डिग्री अपराइट करून घ्यायचा. सध्या दोन्ही उधारीवर आणून ७० ते ९५ यार्डांत मारतेय, ५० वाला पुढे आहे पण ९० च्या वर तो जरा रेटावा लागतो. ज्यांनी सेटचा गॅप वेज ठेवलाय त्यांनी चिपिंगचा अनुभव सांगा, फुल शॉटचा नको, तो मला दिसतोय.