मागच्या पानावरचा शिक्का : आमची वाटचाल

आमच्या कंपनीला पहिलं मोठं सरकारी काम मिळालं ते आमचा दर सगळ्यांत कमी होता म्हणून. एका बौद्धिक संपदा कार्यालयाचं जुनं दप्तर स्कॅन करायचं, त्याची सूची करायची आणि सगळी माहिती नव्या संगणक प्रणालीत चढवायची, असं ते काम होतं. तोवर आम्ही बँका आणि विमा कंपन्यांची कागदपत्रं स्कॅन करत होतो. दोघं भागीदार, हाताखाली पाच मुलं आणि भाड्याने घेतलेले तीन स्कॅनर एवढाच पसारा. पेटंट असो नाहीतर ट्रेडमार्क, शेवटी कागद तो कागदच, असं आम्ही धरून चाललो होतो.

रेकॉर्ड रूममध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं तो दिवस मला लख्ख आठवतो. जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी रॅक, त्यांवर सुतळीने बांधलेल्या नस्त्यांचे गठ्ठे. टाचण्या गंजून कागदात रुतलेल्या. एकेका नस्तीत अर्ज, प्राधान्याचा दाखला, परीक्षकाची टिप्पणी, तिला दिलेलं उत्तर, कुणाची हरकत, प्रतिज्ञापत्रं, नूतनीकरणाच्या पावत्या. त्या खोलीचा ताबा ज्या ताईंकडे होता, त्यांना नुसता अर्जाचा क्रमांक सांगितला की मान वर न करता त्या रॅक आणि कप्पा सांगायच्या.

त्यांनी मला विचारलं, "यातलं काय काय स्कॅन करणार तुम्ही?"

मी म्हटलं, "सगळंच, ताई."

"सगळं म्हणजे मागची बाजूसुद्धा?"

"हो, मशीन दोन्ही बाजू एकदमच घेतं."

त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग कामाला लागल्या. त्यांनी नेमका प्रश्न विचारला होता. मला तो कळला नाही.

तिसऱ्या आठवड्यात तो कळला. आमचा स्कॅनर दोन्ही बाजू घ्यायचा हे खरं, पण कोरी पानं आपोआप गाळण्याची सोय आम्ही चालू ठेवली होती. बँकेच्या कामात ती फार उपयोगी पडायची. फाइलचा आकार कमी होतो, तपासणाऱ्याचा वेळ वाचतो. ताई एक मूळ नस्ती आणि पडद्यावरची तिची प्रत शेजारी शेजारी ठेवून पानं जुळवत होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "शिक्का कुठाय?" अर्जाच्या पहिल्या कागदाच्या पाठीवर जांभळ्या शाईचा आवक शिक्का होता. इतका विटलेला की कागद खिडकीकडे तिरका धरला तेव्हा मला तारीख वाचता आली. मशीनच्या लेखी ते पान कोरं होतं, म्हणून ते गळलं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे गठ्ठे पुन्हा उघडले. ठरावीक काळातल्या बऱ्याच अर्जांवर शिक्का पाठीवरच मारलेला निघाला. पुढची बाजू मजकुराने भरलेली, म्हणून कारकुनाने कागद उलटून मारलेला.

बाहेरच्या माणसाला वाटेल, एक तारीख ती काय! पण या कार्यालयात बाकी सगळं त्या तारखेवर उभं असतं. एकच शोध दोघांनी वेगवेगळा लावला, तर हक्क कुणाचा हे आधी अर्ज कुणी दिला यावरून ठरतं. १८८३च्या पॅरिस करारानुसार एका देशात अर्ज दिला की पेटंटसाठी १२ महिने आणि ट्रेडमार्क किंवा डिझाइनसाठी ६ महिने मिळतात. तेवढ्या मुदतीत दुसऱ्या सदस्य देशात अर्ज केला तर पहिल्या अर्जाची तारीख धरली जाते. यालाच प्राधान्य म्हणतात. पेटंटची २० वर्षंसुद्धा अर्जाच्या तारखेपासूनच मोजतात. म्हणजे आम्ही गाळलं होतं ते नुसतं पान नव्हतं, त्या अर्जदाराचा हक्क जिथून सुरू होतो ती जागाच गाळली होती.

तीन आठवड्यांचं काम आम्ही स्वखर्चाने पुन्हा केलं. तेव्हापासून कोरं पान गाळण्याची सोय आमच्या एकाही मशीनवर चालू नसते. नस्ती सुटी करण्याआधी पानं हाताने मोजायची, आकडा वरच्या चिठ्ठीवर लिहायचा, स्कॅन झाल्यावर पुन्हा जुळवायचा. ही पद्धत वेळखाऊ आहे आणि तिच्यापायी आमचा दर आता सगळ्यांत कमी नसतो. तरी मी ती सोडणार नाही.

नवा मुलगा कामावर आला की मी त्याला १८३६ची गोष्ट सांगतो. त्या वर्षी १५ डिसेंबरला वॉशिंग्टनमधलं अमेरिकेचं पेटंट कार्यालय जळालं. सुमारे १०,००० पेटंटांचे कागद गेले. मग सरकारवर शोध लावणाऱ्यांकडूनच त्यांच्या जवळच्या प्रती मागवायची वेळ आली आणि त्यातून २,८४५ पेटंटं पुन्हा उभी करता आली. बाकीची गेली ती गेलीच. आपण स्कॅनरवर ठेवतो त्या कागदाची दुसरी प्रत जगात कुठेच नसेल, हे त्या मुलाच्या मनावर पहिल्याच दिवशी ठसलं पाहिजे.

स्कॅनिंग मार्गी लागलं आणि माहिती भरायचं काम आलं. खरी परीक्षा तिथे झाली. सुरुवातीला आम्ही रकान्यांना आमच्या मनाने नावं दिली होती. पुढे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची मानकं वाचली आणि ती नावं खोडली. पेटंटच्या छापील पहिल्या पानावर कंसात बारीक आकडे असतात. २१ म्हणजे अर्जाचा क्रमांक, २२ अर्जाची तारीख, ५४ शोधाचं शीर्षक, ७२ शोध लावणारा. भाषा कुठलीही असो, आकडा तोच. आमच्या मुलांना परकी लिपी वाचता येत नव्हती, पण ३१, ३२, ३३ दिसले की प्राधान्याचा क्रमांक, तारीख आणि देश हे त्यांना कळायला लागलं.

त्या ३३ने मात्र आम्हाला चांगलंच अडवलं. देशाचा रकाना यादीतून निवडायचा होता आणि यादीत आजचे देश होते. एका जुन्या अर्जात प्राधान्य सोव्हिएत संघातलं होतं. यादीत तो देशच नाही, म्हणून आमच्या मुलाने रशिया निवडला. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. तपासणीत चूक सापडली आणि लक्षात आलं की पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया यांचंही तेच होणार. नकाशावरून गेलेल्या त्या देशांची दोन अक्षरी चिन्हं मानकात अजून जपलेली आहेत, त्यांतलं सोव्हिएत संघाचं एसयू आणि पूर्व जर्मनीचं डीडी. आम्ही यादी तिथून घेतली. देश गेला तरी तिथे दिलेल्या अर्जाची तारीख राहते.

ट्रेडमार्कच्या वर्गांनी याहून जास्त दमवलं. ट्रेडमार्क कुठल्या वस्तूंसाठी किंवा सेवांसाठी आहे हे ज्या आंतरराष्ट्रीय यादीवरून ठरतं, त्या नीस वर्गीकरणात आज ४५ वर्ग आहेत, ३४ वस्तूंचे आणि ११ सेवांचे. पण १ जानेवारी २००२ला आठवी आवृत्ती लागू होईपर्यंत वर्ग ४२च होते. शेवटच्या ४२व्या वर्गात उपाहारगृहं, दवाखाने, संगणक सेवा, कायद्याचा सल्ला असं सगळं एकत्र होतं. आठव्या आवृत्तीत त्याचे ४२, ४३, ४४ आणि ४५ असे चार वर्ग झाले. म्हणजे १९९८ला नोंदलेल्या उपाहारगृहाच्या नावापुढे जुन्या नोंदवहीत ४२ लिहिलेलं आहे आणि तसल्याच सेवेसाठी आज कुणी अर्ज केला तर तो ४३मध्ये जातो. परीक्षकाने नव्या प्रणालीत नुसता ४३ शोधला तर जुनं नाव त्याला दिसणारच नाही, आणि त्याच्यासारखंच दुसरं नाव नोंदलं जाईल.

आम्ही म्हटलं, जुन्या नोंदी एका झटक्यात नव्या वर्गांत टाकून देऊ. ताईंनी हात वर केला. "ती नोंदवही आहे. तिच्यातलं अक्षर आपण बदलायचं नाही." त्यांचं बरोबर होतं. नोंदीचा वर्ग हा मालकाच्या हक्काची हद्द आहे, ती डेटा भरणाऱ्याने हलवायची नसते. शेवटी वर्ग जसा होता तसाच ठेवला, शेजारी कोणत्या आवृत्तीचा तो वर्ग हे नोंदवलं आणि शोध घेताना ४३, ४४, ४५ बरोबर जुना ४२ही तपासला जाईल असा नियम प्रणालीत घातला. या एका नियमासाठी आम्ही जवळजवळ दोन महिने बसलो होतो. आजवर केलेल्या कामात मला सगळ्यात जास्त समाधान कशाचं असेल तर याचं.

रंगांचं थोडक्यात सांगतो. दस्तऐवज काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केले की जागा कमी लागते, पण ज्या चिन्हात रंगावरच हक्क सांगितलाय त्याची काळी-पांढरी प्रत म्हणजे वेगळंच चिन्ह. म्हणून बोधचिन्हाचं पान रंगीत, बाकी काळं-पांढरं, हे आम्ही पहिल्या महिन्यातच ठरवलं.

मग ऑनलाइन अर्ज सुरू करायची वेळ आली. कागदाची खिडकी त्याच दिवशी बंद करा, असा एक विचार होता. आम्ही विरोध केला. जपानच्या पेटंट कार्यालयाने डिसेंबर १९९०मध्ये जगात सर्वांत आधी इलेक्ट्रॉनिक अर्ज घ्यायला सुरुवात केली. तिथेसुद्धा कागद नाकारला नाही. कागदावर अर्ज देणाऱ्याकडून तो संगणकात चढवण्याचं वेगळं शुल्क घेतलं. हा मार्ग मला न्यायाचा वाटतो. ज्याने आयुष्यात एकच शोध लावलाय आणि ज्याला संगणक येत नाही, त्याच्यासाठीही दार उघडं पाहिजे. खिडकी राहिली. मात्र तिथे आलेला कागद त्याच दिवशी स्कॅन होऊन प्रणालीत जातो आणि पुढचं काम पडद्यावरच चालतं.

प्रणालीचा गाभा आम्ही लिहिला नाही आणि तसा दावाही करत नाही. जागतिक संघटनेची आयपास नावाची प्रणाली आहे, ८०हून अधिक कार्यालयं ती वापरतात. अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे, पुढची मुदत कधी, हे ती सांभाळते. आमचं काम तिच्यात जुनं सगळं बिनचूक बसवायचं आणि कार्यालयाचे नियम तिला समजावून द्यायचे.

त्यातला एक नियम वाटला त्यापेक्षा फार खोल निघाला. पॅरिस कराराच्या चौथ्या कलमात आहे की मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीचा असेल, किंवा त्या दिवशी कार्यालय अर्ज घ्यायला उघडं नसेल, तर पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत मुदत वाढते. नुसती कागदाची खिडकी होती तोवर उघडं आणि बंद यांत संशय नव्हता. पण रात्री अकरा वाजता सर्व्हर पडला तर कार्यालय उघडं म्हणायचं की बंद? आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जांसाठीच्या पेटंट सहकार्य कराराच्या (पीसीटी) नियमांत इलेक्ट्रॉनिक सोय बंद पडल्यामुळे झालेला उशीर माफ करण्याची तरतूद २०२०मध्ये आली. आमच्याकडे हा प्रश्न चाचणीच्या वेळीच उठला. आम्ही सर्व्हर कधी बंद पडला आणि कधी सुरू झाला याची मिनिटासकट नोंदवही ठेवली. ती कार्यालयाच्या ताब्यात असते, आमच्या हाती नाही. ज्याची मुदत चुकली त्याला तिच्यातला उतारा मागता येतो. अर्जाच्या पोचपावतीवरची वेळही सर्व्हरच्या घड्याळाची, अर्जदाराच्या संगणकाची नव्हे. शिक्का आता कागदाच्या पाठीवर नाही, घड्याळात आहे. म्हणून त्या घड्याळाचीही आम्ही रोज तपासणी करतो.

आज आम्ही २२ जण आहोत. कार्यालयातली जुनी माणसं सुरुवातीला आम्हाला बिचकून होती. संगणक आला की आपली गरज संपली, असं त्यांना वाटे. मला उलट अनुभव आला. कुठल्या काळात शिक्का पाठीवर मारत, कुठल्या वर्षी क्रमांकाची पद्धत बदलली, तारखेत आधी महिना लिहायची सवय कुणाला होती, हे एकाही परिपत्रकात नव्हतं. ताईंनी तोंडी सांगितलं, आम्ही लिहून घेतलं. त्या वहीची ९० पानं झाली. प्रणालीतले निम्मे तपासणी-नियम त्या वहीतून आलेत. आता कुठलंही नवं काम घेताना आमची पहिली अट असते की रेकॉर्ड सांभाळणारा माणूस पूर्ण वेळ आमच्यासोबत बसेल. ही अट नाकारली गेली म्हणून दोन कामं आम्ही सोडली आहेत.

सध्या मायक्रोफिल्मची, म्हणजे कागदांची बारीक छायाचित्रं घेतलेल्या फिल्मची, रिळं हातात आहेत. मूळ कागद कधीचे जीर्ण झालेत, रिळावरच्या चित्राखेरीज दुसरं काही उरलेलं नाही. पहिला डबा उघडला तेव्हा व्हिनेगरसारखा आंबट वास आला. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की असा वास येतो, आणि एका रिळाची लागण शेजारच्यांना होते. वर्षवार क्रमाने जायचं ठरलं होतं, तो बेत आम्ही बदलला. प्रत्येक डबा उघडून वास घेतला, वास येणारी रिळं वेगळ्या खोलीत नेली आणि आधी तीच स्कॅन करायला घेतली आहेत. ताईंनी प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली आहे. तिच्यावर रिळात चित्रांच्या चौकटी किती याचा आकडा आहे आणि खाली मोकळी जागा, आमचा आकडा लिहायला.