घरचं कॅलेंडर कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

घरी कोणी आलं की स्वयंपाकघराच्या दाराजवळचं कॅलेंडर दोन पानं उलटून बघतात आणि मग हमखास विचारतात, "कालनिर्णय आहे, मोबाईल आहे, मग दरवर्षी हे फोटोवालं कशाला करत बसतेस?" परवा वहिनीच्या माहेरच्यांनी पण तेच विचारलं, तेव्हा म्हटलं एकदा लिहूनच टाकते.

कालनिर्णय आमच्याकडे पण आहेच, देवघराच्या बाजूला. एकादशी, संकष्टी, चंद्रोदय सगळं त्याच्यातच बघतो. माझं आहे ते लिहायला. सिलिंडर कधी लावला, पोदेर म्हणजे आमचा गोव्यातला पाववाला कुठल्या दिवशी आला नाही, बाबांची शुगर किती आली, भाचीची परीक्षा कधी, सगळं पेनाने त्या चौकोनांत. त्यामुळे फोटो कितीही छान असला तरी अर्ध्या पानाच्या पुढे त्याला जाऊ देत नाही, आणि ग्लॉसी कागद तर अजिबात घेत नाही, बॉलपेन घसरतं आणि शाई हाताला लागते. लॅबवाले ग्लॉसीच गळ्यात मारतात कारण काउंटरवर चमकतं. मॅट घ्या, आणि जाड घ्या, १७० जीएसएमच्या खाली नको, नाहीतर आपल्याकडच्या जुलैत पानांच्या कडा वळायला लागतात.

आता फोटो. वर गेल्या वर्षीचा तोच महिना, खाली यंदाच्या तारखा, एवढा एकच नियम. मे म्हणजे आई जुन्या पेपरवर मानकुराद आंबे मांडतेय, जून म्हणजे सांजांव, सेंट जॉनचा सण, शेजारच्या आंटीच्या विहिरीत डोक्यावर कोपेल, म्हणजे फुलापानांचा मुकुट, घालून पोरं उड्या मारतायत. हा फोटो दरवर्षी असतोच कारण एक कॉपी आंटीच्या मुलाला इंग्लंडात स्विंडनला जाते, आणि तो सगळ्यात आधी जूनचं पान काढून बघतो म्हणे.

सांजांवचं बरं आहे, २४ जून म्हणजे २४ जून. भांडण होतं ते चवथीवरून, म्हणजे गणेश चतुर्थीवरून. गेल्या वर्षी चवथ २७ ऑगस्टला होती, यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे १४ सप्टेंबरला, मग माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतो त्या चौकटीचा, फोटो टाकायचा कुठे? नियमाने ऑगस्ट. आईचं म्हणणं, चवथ सप्टेंबरात आणि बाप्पा ऑगस्टात भिंतीवर, हे काय बरोबर दिसतं? शेवटी ठरलं की तिथीवाले सण यंदा जिथे येतात तिथे जाणार, बाकीचं आयुष्य इंग्रजी तारखेने. दिवाळी पण तशीच, ऑक्टोबरातला नरकासुराचा पुतळा यंदा नोव्हेंबरच्या पानावर गेलाय. गंमत म्हणजे २०१५ चं आमचं जुनं कॅलेंडर २०२६ ला वाराला वार जुळतं, दादा म्हणाला तेच लाव, खर्च वाचेल. चवथ पण तीनच दिवसांनी हुकली असती, तेव्हा १७ सप्टेंबर होती.

माटोळीचा फोटो म्हणजे सजवून झालेल्या माटोळीचा नव्हे हां, तसे सगळ्यांकडे असतात आणि सगळे सारखेच दिसतात. यंदाच्यात बाबा स्टुलावर चढून केवणीच्या, म्हणजे रानझाडाच्या सालीच्या, दोराने ओल्या सुपाऱ्यांचा घोस बांधतायत, दोराचं एक टोक दातात धरलंय, खाली चिबूड हातात घेऊन भाची कंटाळलेली, आणि मागे खिडकीत म्हापशाच्या बाजारातून आणलेल्या पिशव्या अजून उघडलेल्या पण नाहीत. कॅमेऱ्याकडे बघून हसणारे फोटो मी घेतच नाही. ते लग्नाच्या अल्बममध्ये ठीक आहेत, रोज चहा गाळताना कोणीतरी दात काढून आपल्याकडे बघतंय असं महिनाभर कोणाला सोसणार?

आणि फोटो मागवताना सगळ्यांना सांगते, व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला की ते दाबून लहान करतं, लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते, आणि ए-फोर पानभर ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, छापायचं तर ३५०८ लागतात. अर्ध्या पानाला कमी लागतात, पण कडेचं थोडं कापलं तरी चेहरे फुटायला लागतात. अजून एक, स्क्रीनला मागून उजेड असतो, कागदाला नसतो, म्हणून समईच्या उजेडातले फोटो आधी थोडे उजळ करून द्या, नाहीतर काळं पान हातात येतं.

वर्ष संपल्यावर कॅलेंडर टाकत नाही, बाइंडिंगसकट कपाटात जातं. बाबांची गोळी कधी बदलली ते डॉक्टरांनी विचारलं तेव्हा फाइलीत नाही, २०२३ च्या फेब्रुवारीत सापडलं, वर कार्नावलचा फोटो होता.

हल्ली पुढचा प्रश्न असतो, "आम्हाला पण एक करून देशील?" देईन की, फाइल लावून देईन, पण बारा फोटो तुमचे तुम्हीच निवडून आणायचे, तीनशेचा फोल्डर पाठवून "तूच बघ ना" म्हणायचं नाही. तुळशीचं लग्न आटपलं की या. डिसेंबर अर्धा झाला की छापखान्यात दुकानांच्या कॅलेंडरांची गर्दी असते, तेव्हा फोन केलात तर मी उचलणार नाही.